फ्रॉस्टआधीची बाग: काय साठवावं, काय खाऊन संपवावं आणि खर्च किती

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी घरांमध्ये एक ठरलेली धांदल सुरू होते. परसातली तुळस मंजिऱ्यांनी लवलेली असते, बेझिल कमरेपर्यंत आलेलं असतं, पुदिन्याने कुंपणापलीकडे पाय पसरलेले असतात, आणि कढीपत्त्याची कुंडी घरात कधी घ्यायची यावर रोज चर्चा होते. मध्य न्यू जर्सीत पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत कधीही पडतो. न्यू इंग्लंडच्या आतल्या भागात तो सप्टेंबरअखेरीलाही गाठतो. म्हणजे हातात तीन-चार आठवडे असतात आणि पाला मात्र पोतंभर.

अशा वेळी हाताला लागेल ते कापून फ्रीझरमध्ये कोंबायचं, ही सर्वात महाग पद्धत. पैशांनी नव्हे, वेळाने. शिवाय मार्चमध्ये फ्रीझरच्या तळाशी सापडलेली ती काळपट हिरवी पिशवी कोथिंबिरीची होती की मेथीची, हेही कुणाला आठवत नाही. म्हणून आधी हिशेब मांडू. खालच्या किमती माझ्या भागातल्या भारतीय दुकानांतल्या आणि सुपरमार्केटमधल्या साधारण किमती आहेत. विजेचा दर युनिटला २० सेंट धरला आहे. तुमच्या बिलावरचा दर वेगळा असेल तर तो घालून आकडे बदलून घ्या.

आधी भाव बघा

गंमत अशी की आपण सर्वात जास्त जीव टाकतो तो कोथिंबिरीवर, आणि तीच हिवाळाभर सर्वात स्वस्त मिळते. भारतीय किंवा मेक्सिकन दुकानात जुडी डॉलरच्या आसपास, कधी डॉलरला दोन. नोव्हेंबर ते एप्रिल दर आठवड्याला एक जुडी घेतली तरी सगळा हिवाळा पंचवीस डॉलरमध्ये निघतो, तीही ताजी. याउलट सुपरमार्केटमधली बेझिलची प्लास्टिकची डबी बघा. पाऊण औंस, म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम पानं, आणि किंमत तीन डॉलर. किलोचा भाव काढला तर १४० डॉलरच्या घरात जातो. ऑक्टोबरमधल्या एका भरदार बेझिलच्या झाडावर दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम पानं सहज असतात, म्हणजे अशा दहा डब्या. तीस डॉलरची बेझिल आपण कधी विकत घेतली नसती हे खरं, पण म्हणूनच ती परसातून फुकट मिळत असताना काळी पडू देणं जास्त लागतं.

कढीपत्त्याचं गणित आणखी वेगळं. पाकीट दीड ते अडीच डॉलरला मिळतं, पण प्रत्येक गावात नाही आणि प्रत्येक आठवड्यात नाही. भारतीय दुकानापासून तासभर दूर राहणाऱ्यांनी त्यात पेट्रोलही धरावं.

तर माझा नियम सरळ आहे. जे बाराही महिने स्वस्त मिळतं ते आत्ता मनसोक्त खाऊन संपवावं. जे महाग आहे, किंवा मिळण्याची खात्री नाही, त्यावरच वेळ आणि फ्रीझरची जागा खर्च करावी.

मेथीच्या बाबतीत हा नियम चांगलाच चपराक देतो. घरी कसुरी मेथी करण्याचा उत्साह पुष्कळांना येतो. दुकानातून आणलेल्या दीड डॉलरच्या जुडीतून निवडून शंभर-सव्वाशे ग्रॅम पानं निघतात. ताज्या मेथीत ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे वाळल्यावर हातात राहतात पंधरा ग्रॅम. दुकानातल्या शंभर ग्रॅमच्या पाकिटाची बरोबरी करायला सहा-सात जुड्या लागतात, म्हणजे दहा डॉलर आणि एका संध्याकाळचं निवडणं. तयार पाकीट दोन-तीन डॉलरला मिळतं. परसात मेथीचा वाफा उतू जात असेल तर जरूर वाळवा, कारण मेथी वाळल्यावर उलट जास्त दरवळते. विकत आणून मात्र नको.

काय वाळवावं, काय गोठवावं

प्रत्येक पाल्याचा वास वेगळ्या तेलांमुळे येतो, आणि ती तेलं किती लवकर उडून जातात यावर सगळं ठरतं. कोथिंबिरीच्या पानांचा वास फार उडता. वाळवली की हिरवा भुसा उरतो, रंगही जातो आणि चवही. बेझिल, पार्सली आणि शेपूही वाळवण्यापेक्षा गोठवलेले बरे. थाईम, ओरेगानो, रोझमेरी, तमालपत्र अशी जाड, कमी पाण्याची पानं वाळवण्यासाठीच जन्माला आली आहेत. पुदिना मधला. गोठवला तर काळा पडतो पण चटणीत चालतो, वाळवला तर ताक, जलजीरा आणि रायत्यासाठी वर्षभर पुरतो.

वाळवायला यंत्र लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरात हीटिंग सुरू झालं की हवा इतकी कोरडी होते की पुदिन्याची जुडी उलटी टांगून, धूळ बसू नये म्हणून भोकं पाडलेली कागदी पिशवी घालून ठेवली तर आठवडा-दीड आठवड्यात पानं कुडकुडीत होतात. खर्च शून्य. उन्हात ठेवू नका, रंग आणि वास दोन्ही जातात.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह. धुऊन पूर्ण कोरडी केलेली मूठभर पानं दोन पेपर टॉवेलांमध्ये पसरायची आणि तीस-तीस सेकंदांच्या फेऱ्यांनी दोन-तीन मिनिटं फिरवायची. वीज एक-दोन सेंटांची. पण समोरून हलायचं नाही, पानं पेट घेऊ शकतात.

ओव्हन मला या कामासाठी पटत नाही. पाल्याला ९५ ते ११५ फॅरनहाइट (३५ ते ४६ सेल्सिअस) एवढीच ऊब हवी असते. बहुतेक ओव्हनचं सर्वात कमी तापमान १७० फॅरनहाइट असतं, त्यात पाला वाळत नाही, भाजतो. डीहायड्रेटर बरोबर त्या तापमानावर चालतो. साधा ४०-५० डॉलरला येतो, आणि ४०० वॉटचं यंत्र पाच तास चाललं तर दोन युनिट, म्हणजे ४० सेंट जळतात. चालवण्याचा खर्च किरकोळ आहे, पण वर्षातून एकदा पुदिना वाळवायला ते घेणं म्हणजे गॅरेजमध्ये आणखी एक खोकं. टोमॅटो, सफरचंद, आंब्याच्या पोळ्या असं सगळं करणार असाल तरच घ्या.

पान चुरगाळलं की मोडलं पाहिजे, वाकता कामा नये. नुसतं वाकणारं पान बरणीत गेलं की बुरशी आलीच. आणि बरणी गॅसच्या वरच्या कपाटात ठेवू नका. उष्णता आणि उजेड नसेल तर सहा महिने ते वर्षभर चव टिकते. तळहातावर चोळून वास आला नाही, तर तारखेकडे न बघता टाकून द्या.

गोठवण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंमध्ये पैसे घालावेत अशी एकच: सॅलड स्पिनर, वीस-पंचवीस डॉलरचा. ओला पाला गोठवला की बर्फाचा गोळा होतो, आणि निम्मे प्रयोग तिथेच फसतात. स्पिनर नसेल तर जुनं सुती धोतर किंवा पंचा पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, तेवढंच काम होतं. बर्फाचे ट्रे डॉलर स्टोअरमध्ये सव्वा-दीड डॉलरला मिळतात, फ्रीझरची जाड पिशवी प्रत्येकी वीस सेंटला पडते. निव्वळ यासाठी वेगळा चेस्ट फ्रीझर घेण्याचा मोह होतो. दोनशे डॉलर किंमत आणि वर्षाला चाळीस-पन्नास डॉलरची वीज धरली तर ती कोथिंबीर केशराच्या पंक्तीला जाऊन बसते.

बेझिल: इथे वेळ घाला

बेझिल थंडीला सर्वात हळवं. फ्रॉस्ट पडायचीही वाट बघत नाही. रात्री पारा ५० फॅरनहाइटखाली (१० सेल्सिअस) उतरायला लागला की पानांवर काळे डाग यायला लागतात. म्हणून सगळ्यात आधी तेच कापायचं, सप्टेंबरच्या शेवटीच.

नुसती पानं पिशवीत घालून गोठवली तर काळी पडतात. उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, पिळून कोरडी केली, तर हिरवा रंग राहतो. मग शंभर ग्रॅम पानांना साधारण पाव वाटी तेल घालून वाटा आणि ट्रेमध्ये भरा. दहा-बारा क्यूब होतात. ऑलिव्ह तेल वापरलं तर डॉलरभर खर्च, शेंगदाण्याचं वापरलं तर त्याहून कमी. गोठल्यावर काढून पिशवीत भरा, तारीख लिहा.

पेस्टो करूनच ठेवायचा असेल तर खर्च पानांचा नसतो, पाइन नट्स आणि चीजचा असतो. छोट्याशा पिशवीला आठ-दहा डॉलर मोजण्यापेक्षा काजू, अक्रोड किंवा सरळ भाजलेले दाणे घाला. इटालियन शेजारीण नाक मुरडेल, पण दाण्याच्या कुटाशी बेझिलचं चांगलं जमतं. चीज गोठवताना घालूच नका, वाढताना घाला.

कोथिंबीर: खाऊन संपवा, किंवा वडी करा

कोथिंबिरीला थंडी आवडते. हलका फ्रॉस्ट ती सोसते, जून-जुलैच्या उन्हातच तिला फुलं येऊन ती संपते. ऑगस्टच्या शेवटी पेरलेली कोथिंबीर जुन्या चादरीखाली किंवा दहा-पंधरा डॉलरच्या रो कव्हरखाली नोव्हेंबरपर्यंत तोडता येते. तेव्हा ती घाईने कापायचं कारणच नाही.

आणि तोडल्यावर? देठ पाण्याच्या पेल्यात उभे, वरून सैल प्लास्टिकची पिशवी, आणि पेला फ्रिजमध्ये. पाणी दोन-तीन दिवसांनी बदललं तर दोन आठवडे सहज टिकते.

तरीही ढीग उरला तर माझं मत वडीला. चार वाट्या चिरलेली कोथिंबीर, दीड वाटी बेसन, तीळ, आलं-मिरची, हळद. बेसनाची चार पौंडांची पिशवी सहा डॉलरला धरली तर यात साठ सेंटांचं बेसन जातं. उंडे वाफवून गार झाले की आख्खेच गुंडाळून गोठवा, चिरून नव्हे. पाहुणे आले की अर्धवट विरघळले असतानाच सुरीने चकत्या पाडून तव्यावर टाका. दुकानातल्या गोठवलेल्या वडीचं खोकं चार-पाच डॉलरला असतं, आणि त्यात कोथिंबीर शोधावी लागते. डॉलरच्या जुडीची किंमत इथे खरोखर वाढते.

हिरव्या चटणीचे क्यूबही छान होतात. त्यात दही आणि कच्चा कांदा घालू नका, गोठून विरघळले की पाणी सुटतं. लिंबाचा रस सढळ घाला, रंग टिकतो.

ज्या कोथिंबिरीला फुलं येऊन हिरवे धने धरलेत ती उपटून टाकू नका. ते ओले धने चिंच-गुळाच्या चटणीत वाटून बघा. ते दुकानात कुठल्याच भावाने मिळत नाहीत.

कढीपत्ता: पानं नव्हे, झाड वाचवा

या यादीतली सर्वात मोठी बचत इथे आहे. कढीपत्त्याचं छोटं रोप पंधरा ते चाळीस डॉलरला पडतं, दोन-तीन वर्षांचं झाड त्याहून बरंच जास्त, आणि ते सहज मिळतही नाही. त्याला कारण आहे. लिंबू-संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा सिट्रस ग्रीनिंग रोग एशियन सिट्रस सिलिड या बारीक किड्यामार्फत पसरतो, आणि हा किडा कढीपत्त्यावरही पोसला जातो. म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या बाधित भागांतून कढीपत्त्याची रोपं आणि ताजी पानं दुसऱ्या राज्यात नेण्यावर संघराज्य सरकारची बंधनं आहेत. फ्लोरिडातल्या मावशीने प्रेमाने पोस्टाने पाठवलेली फांदी कितीही हिरवीगार असली तरी ती नियमात बसत नाही. भारतातून येताना बॅगेत ताजा कढीपत्ता आणण्याचं तर नावच नको. विमानतळावर सांगितलात तर काढून घेतात, लपवलात तर दंड बसतो. रोप घ्यायचं तर कागदपत्रं असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या.

रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या आसपास आलं की कुंडी आत. आणण्यापूर्वी पानांच्या दोन्ही बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग कीटकनाशक साबणाची फवारणी करा. नाहीतर लाल कोळी आणि खवले कीड तुमच्याबरोबर ख्रिसमस साजरा करतात. दक्षिणेची खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर वीस-पंचवीस डॉलरचा ग्रो लाइट. २४ वॉटचा दिवा रोज बारा तास, पाच महिने चालला तर ४३ युनिट, म्हणजे साधारण साडेआठ-नऊ डॉलर. दोन आठवड्यांना एक पाकीट कढीपत्ता घेणाऱ्या घरात हिवाळाभरात तेवढी, किंबहुना जास्तच रक्कम जाते, आणि वसंतात झाड हातात असतं ते वेगळंच.

हिवाळ्यात झाड जवळजवळ झोपतं, पानं पिवळी पडून गळतात. त्यावर घाबरून लोक पाणी आणि खत वाढवतात आणि मुळं कुजवतात. माती वरून दोन इंच कोरडी झाली की मगच पाणी, आणि खत मार्चपर्यंत बंद.

आत आणताना छाटणी कराल त्यातून भरपूर पानं निघतील. धुऊन, अगदी कोरडी करून, देठासकट पिशवीत सपाट पसरून गोठवा. वापरताना विरघळू द्यायची नाहीत, नाहीतर काळी पडतात. फ्रीझरमधून थेट फोडणीत टाका, आणि झाकण हाताशी ठेवा, तेल जोरात तडतडतं. उरलेल्याची चटणी करा: पानं मंद आचेवर कुरकुरीत भाजून, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लाल मिरच्या, मीठ, चिमूटभर आमसूल पूड. ओलावा नसल्यामुळे ती बंद बरणीत महिनाभर छान राहते.

तेलातल्या लसणीबद्दल एक सूचना

हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर असा ठेचा करून वर तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवण्याची सवय अनेकांना असते. कच्ची लसूण किंवा ताजा पाला तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. मातीतून येणारे बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या जागी वाढतात, आणि तेलाचा थर त्यांना नेमकी तीच जागा देतो. चव बदलत नाही, वास येत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणीतून ३६ जणांना बाधा झाली होती, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला तीन जणांना. त्यानंतर दुकानात विकल्या जाणाऱ्या अशा बरण्यांमध्ये आम्ल घालणं बंधनकारक झालं. घरी केलेला ठेचा किंवा पाला घातलेलं तेल फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त असेल तर लगेच गोठवा. गोठलेल्या ठेच्याचे क्यूब सहा महिने उत्तम राहतात, आणि झणका कमी होत नाही.

बाकीच्यांची वासलात

पुदिन्यासाठी एक पैसाही खर्च करू नका. वरचा पाला मेला तरी जमिनीखालच्या मुळ्या हिवाळा काढतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा तुमच्या हिरवळीवर हक्क सांगतात. पानओव्याच्या दोन फांद्या तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवल्या की मुळं फुटतात, बाकीच्या पानांची भजी. गवती चहा न्यू जर्सीच्या हिवाळ्यात टिकत नाही. एक ठोंब कुंडीत लावून आत घ्या, उरलेली पात बोटभर तुकडे करून गोठवा. चहाच्या आधणात गोठलेलीच टाकायची.

तुळशीचा प्रश्न वेगळा. तिचं लग्न कार्तिकात, म्हणजे इकडे बहुतेक नोव्हेंबरमध्ये, आणि तोवर अंगणात फ्रॉस्ट येऊन गेलेला असतो. लग्नासाठी जी जगवायची ती लहान, जोमदार कुंडी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निवडून आत घ्या. मोठं, लाकडी खोडाचं झाड घरात आणून फारसा उपयोग होत नाही. त्याच्या वाळलेल्या मंजिऱ्या कागदी पाकिटात चुरून ठेवा, पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना वाटण्याइतकं बी निघतं.

उद्या फ्रॉस्ट असेल तर

अंदाजात ३६ फॅरनहाइट लिहिलं असलं तरी गाफील राहू नका. हवामान खात्याचा पारा जमिनीपासून पाचेक फूट उंचीवर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून काही अंशांनी जास्त थंड होतं आणि पानांवर बर्फ धरतो. त्या संध्याकाळी वेळ तासभरच असेल तर क्रम असा: बाहेर उरलेल्या कुंड्या आत. बेझिल मुळाशी कापून सगळं घरात, पानं उद्या खुडा. मिरच्या हिरव्या-लाल सगळ्या तोडून घ्या, देठं काढून आख्ख्या गोठवता येतात. मग पानओव्याच्या फांद्या आणि गवती चहा. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यावर जुनी चादर टाका, चारी बाजूंनी जमिनीला टेकवा. प्लास्टिक थेट पानांवर टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथेच पान जळतं. सकाळी ऊन वर आलं की चादर काढा. अशा चार-पाच चादरी टाकत गेलात तर थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर घालायला कोथिंबीर परसातलीच मिळते.